शुक्रवारचा चौदावा हात

१० नोव्हेंबर, सोमवार
आठवी ब चे पेपर तपासले. तपासले कसले, डोकं फोडून घेतलं. ३, ६, १२, २४, पुढचा अंक कोणता? वर्गातल्या अर्ध्याहून जास्त पोट्ट्यांनी २७ लिहिलं. पहिल्या दोन अंकांत तीनाचा फरक दिसला की झालं, शेवटपर्यंत तीनच मिळवायचे. अरे, बाराच्या पुढे चोवीस छापले आहेत, ते तरी पाहा! बेरजेची श्रेढी शिकवली तेव्हापासून यांना जगात बेरीजच दिसून राहिली. गुणून वाढणारी दोनदा शिकवली. पालथ्या घड्यावर पाणी.

वरून प्रिन्सिपल मॅमनी बोलावलं. डिसेंबरपासून आठवीचं गणित कोचिंगवाल्यांना द्यायचं चाललं आहे. त्यांचा माणूस शाळेत येऊन शिकवणार. "आप प्राइमरी देख लीजिएगा." बावीस वर्षं सहावी ते आठवी शिकवली, आता तिसरीसमोर पाढे म्हणू. मी म्हटलं, आधी माझा तास तर पाहा. तर शनिवारी २२ ले डेमो ठेवला. डायरेक्टर साहेब अन् कोचिंगवाले सर, दोघं मागे बसणार. म्हणजे आठवी ब माझी राहते की जाते, ते त्या एका तासावर.

यांना सांगितलं तर म्हणतात, "बरंच हाय ना. लहान पोट्टे असले की घसा कमी फोडा लागते." भाजीत मीठ जास्त पडलं, ते मात्र बोलले.

१२ नोव्हें., बुध.
कागदाच्या घड्या घातल्या आज. एक घडी दोन थर, दुसरी घडी चार, तिसरी आठ. वाटलं, हातानं केलं की कळेल. तिसऱ्या घडीपर्यंत निम्म्या वर्गाची विमानं झाली होती.

अर्णव, पहिल्या बाकावरचा, संध्याकाळी कोचिंगले जातो, तो म्हणतो, "मैडम, ये सब छोड़ो ना, फॉर्मूला लिखवा दो." स्वतःच घडाघडा म्हणून दाखवला. मी विचारलं, यातला r म्हणजे काय? "वो तो r होता है मैडम." कपाळ माझं!

यालेच पेपरात सगळ्यात जास्त मार्क.

१४ नोव्हें.
बालदिन. तास गेले. ८-ब नाचली. मी पडद्याची दोरी धरून उभी.

१५ नोव्हें., शनि.
फजिती.
डोक्यात आलं होतं, बातमी पसरते ती गुणूनच पसरते, तर वर्गात एक बातमी सोडू. दोघांच्या कानात सांगितलं, बुधवारची टेस्ट रद्द. सोमवारी तुम्ही प्रत्येकी दोघांना सांगा, ते मंगळवारी आणखी दोघांना सांगतील. सोमवार कसला! डब्याच्या सुटीत अख्ख्या वर्गाले माहीत. दुपारी पालकांच्या ग्रुपवर. एका आईचा फोन, "मैडम, टेस्ट कैंसल है तो हम शादी में निकल जाएँ क्या, बिलासपुर?" मग प्रि. मॅमचा फोन. मग मी ग्रुपवर लिहिलं की टेस्ट आहे. आता पोट्टे माझ्यावर चिडून आहेत.

बरोबरच आहे म्हणा त्यांचं.

१६, रवि.
हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "चूक बातमीची हाय. टेस्ट रद्द म्हटल्यावर कोण पचवील? काही बिनकामाचं सांग. तुझं घरचं नाव सांगून दे." अन् हसत बसले. घरी मले बेबी म्हणतात. पन्नाशी आली, केस पांढरे, तरी माहेरी अजून 'बेबी आली का?'

हसू आलं मलेही. पण गोष्ट खरी आहे. अन् वेळ बांधली पाहिजे. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांतच सांगायचं, उठून, कानात. ज्याले आज कळलं त्यानं उद्या दोघांना सांगायचं, मग त्याचं काम संपलं. ज्याले कोणी सांगितलं तोच मोजायचा. बाहेर बोलला तर दहा गणितं.

१७, सोम.
सुरू केलं. आधी विचारलं, आज मी दोघांना सांगणार, तर शुक्रवारी एका दिवसात नवीन किती जणांना कळेल? सगळा वर्ग, दहा! दोन, चार, सहा, आठ, दहा. पुन्हा बेरीज. मी ओठ दाबून बोर्डाच्या कोपऱ्यात १० लिहून ठेवलं.
दोघींच्या कानात सांगितलं. एकीनं तोंडावर हात ठेवला, दुसरी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून राहिली. पोट्टी!

१८, मंगळ.
४. ठीक.

१९, बुध.
८. इथे पहिल्यांदा गडबड झाली. "मैडम, छह आना था ना?" मी म्हटलं, काल कळलेले किती? चार. प्रत्येकानं किती जणांना सांगितलं? दोन. मग? मागून कोणी तरी हळूच म्हणालं, "अच्छा, हर एक दो-दो." एवढंच. पण बोलला ना कोणी, सूत्र न म्हणता.
टेस्टही झाली. ती तपासायची हिंमत नाही.

२०, गुरु.
१६!
खिडकीजवळच्या रांगेत नुसती कुजबुज. ज्यांना माहीत त्यांचे चेहरे पाहण्यासारखे, माझ्याकडे पाहतात अन् मान खाली घालतात. अर्णव उभा राहिला. "मैडम, कल बत्तीस होंगे." मी म्हटलं, मोज मग, ज्यांना अजून कोणी सांगितलं नाही असे उरले किती? दोन, चार, आठ, सोळा मिळून तीस झाले, वर्ग चव्वेचाळीसचा. म्हणाला, "चौदह." मग म्हणाला, "मतलब श्रेढ़ी नहीं खतम होगी, बच्चे खतम हो जाएँगे."
या पोट्ट्यानं महिनाभर मले छळलं. आज जीव थंड केला.

सदर बाजारातून येताना चार्टपेपर घेतला. ठळक अक्षरांत लिहिलं त्याच्यावर: सोम २, मंगळ ४, बुध ८, गुरु १६, शुक्र १४. एकूण ४४. शनिवारी एकेका दिवसाचे हात वर करायला लावीन, शेवटी अख्ख्या वर्गाचे हात वर. डायरेक्टर साहेब पाहतच राहिले पाहिजे.

२१, शुक्र.
१३.

कालचे सोळा उठले, हसले, धावले, कानाला लागले, बसले. मी हात मोजले, तेरा. पुन्हा मोजले. तेराच. कोण राहिलं? तिसऱ्या बाकावरची लोकेश्वरी, भनपुरीहून येते, बाप ट्रेलर चालवतो, अभ्यासात बरी, तोंडाची तिखट. हाताची घडी घालून बसलेली.
"तुझे पता नहीं?"
"पता है मैडम. मानसी बाजूवाली को बोल रही थी तो सुन लिया."
"तो हाथ उठा."
"बताया तो किसी ने नहीं. आपने ही बोला था, जिसको बताया वही गिनना."
घ्या! माझाच नियम माझ्या तोंडावर. मी मानसीला म्हटलं, जा, सांग तिले. मानसी गेली, कानाजवळ तोंड नेऊन काही तरी पुटपुटली. लोकेश्वरी म्हणते, "आपने भेजा इसलिए आई. ये नहीं चलेगा." मी म्हटलं, मीच सांगते. तर म्हणे, "आपके दो तो सोमवार को हो गए."
गणितात बरोबर आहे पोट्टी. म्हणूनच तर राग आला. घंटा झाली. उद्या डेमो आहे अन् ही नखरे करून राहिली.

२२, शनि.
झालं एकदाचं.
चार्ट टांगला. सोमवारचे दोन हात, मंगळवारचे चार, छान चाललं होतं. साहेब पुढे सरकून बसले. गुरुवारचे सोळा हात वर गेले तेव्हा कोचिंगवाल्या सरांनीही फोन खाली ठेवला. मग शुक्रवार. चार्टवर चौदा, हवेत तेरा. अर्णव ओरडला, "मैडम, लोकेश्वरी को भी मालूम है!" ती उभी राहिली. "मालूम है. बताया किसी ने नहीं." साहेब हसले. कोचिंगवाले सर गोड आवाजात म्हणाले, "बेटा, मालूम है तो हाथ उठा दो, टोटल बन जाएगा." "नहीं सर." अन् उभीच.

मी ओरडली तिच्यावर. सगळ्यांसमोर. बस खाली, एका हातासाठी सगळ्यांचा तास खराब करून राहिली! बसली. डोळ्यांत पाणी-बिणी काही नाही. उरलेला तास कसा गेला माहीत नाही. सूत्रापर्यंत पोचलीच नाही मी.

प्रि. मॅम बाहेर म्हणाल्या, "आइडिया अच्छा था." था!

२३, रवि.
दिवसभर तिच्यावरचा राग. एका हाताचं काय जातं गं तुझं? माझी आठवी जाते ना इथे.
यांना सगळं सांगितलं. हे भेंडी चिरून देत होते. म्हणाले, "अन् त्या सोळा जणांचं काय? त्याईच्यापाशी तर कान उरलेच होते." मी म्हटलं, कोणते सोळा? म्हणाले, "शुक्रवारी उठले ते. सोळा जण, दोन-दोन कानांत सांगायचं, बत्तीस. लागले तेरा. मंग एकाले तिच्यापाशी जायाले काय धाड भरली होती?"
रेल्वेत अख्खी नोकरी पार्सलवर केली यांनी. हिशेब बरोबर होता. मी भेंडी घेऊन आत गेली.

२४, सोम.
विचारलं वर्गाले. शुक्रवारी तिले कोणी काहून नाही सांगितलं? तीनदा विचारलं. शेवटी मानसी, "मैडम, उससे सबकी कट्टी है."
सबकी?
दसऱ्याच्या आधी हिंदीच्या टेस्टमध्ये चार-पाच जण चिठ्ठीवरून लिहीत होते. हिंदीच्या सरांनी विचारलं, तर हिनं उभं राहून नावं सांगितली. त्या दिवसापासून सगळ्या वर्गाची कट्टी. कोणी बोलत नाही, डबा वाटत नाही, रबर मागितलं तर देत नाहीत. मी रोज या वर्गात येते. रोज! हजेरी घेते, फळा पुसते, दोन अंकांतला फरक शोधा म्हणते. मले दिसलं नाही. आता सणकून राग आला, कोणाचा ते कळत नाही.

लोकेश्वरी खिडकीबाहेर पाहून राहिली होती, दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे असं.

दुपारी प्रि. मॅम. डायरेक्टर साहेबांना कल्पना आवडली म्हणे, पण अर्धवट राहिली. गुरुवारी २७ ले पुन्हा डेमो, कोचिंगवाले व्हिडिओ काढणार. नीट झालं तर आठवी माझ्याकडे, वार्षिक प्रदर्शनातही ठेवतील. "बस, उस लड़की को गुरुवार को छुट्टी दे दीजिए. घर पर फोन कर दीजिए, कुछ भी बोल दीजिए." मी म्हटलं, मॅम, असं कसं? "अरे, तैंतालीस बच्चे, तैंतालीस हाथ. आपका टोटल भी बैठ जाएगा."
बसतो. दोन, चार, आठ, सोळा, तेरा. त्रेचाळीस. ती नसली की हिशेब अगदी चोख बसतो. येताना तेलीबांध्याच्या सिग्नलवर तेच डोक्यात, मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा हिरवा दिसला.

२५, मंगळ.
सकाळी वर्गात म्हटलं, कट्टी सोडा. आत्ताच्या आत्ता. कोणी हललं नाही. मी चढ्या आवाजात बोलली, प्राचार्यांकडे नेईन, पालकांना बोलवीन, सगळं बोलून पाहिलं. अर्णव हळूच म्हणाला, "मैडम, कट्टी तो डाँट से नहीं टूटती." खरं आहे. आम्ही लहान होतो तेव्हाही मास्तरांच्या सांगण्यानं कधी बट्टी झाली नाही. पण तू मले शिकवू नको रे, म्हटलं. चिडून म्हटलं.

संध्याकाळी फोन लावला तिच्या घरी. लावला, हे लिहून ठेवते. बोलायचं काय तेही ठरवून ठेवलं होतं: मुलगी थोडी थकल्यासारखी वाटते, गुरुवारी आराम करू द्या. आईनं उचलला. घाबरली बिचारी, पोट्टीनं काही चूक केली की काय म्हणून, "का होगे मैडम? कुछु गलती करिस का?" मी म्हटलं, नहीं नहीं. मग तीच बोलत सुटली, आनंदानं. यंदाच या शाळेत टाकली, आधी भीती वाटत होती, पण पोट्टी रोज घरी येऊन सांगते. "कहिथे, कक्षा म सब्बो झन ओकर संगवारी हे." सगळा वर्ग तिचा मित्र आहे म्हणे.
मी म्हटलं, "हव. पढ़ाई में अच्छी है." फोन ठेवला.
गुरुवारचं बोललीच नाही.
यांनी विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, पोळ्या टाकायच्या आहेत. स्वयंपाकघरात जाऊन रडली थोडी. मले रडायचा राग येतो.

२६, बुध.
प्रि. मॅम जिन्यात, "फोन हो गया ना?" "हाँ मैम, हो गया." खोटं नाही ते. खरंही नाही.

मधल्या सुटीत लोकेश्वरी स्टाफरूमच्या दारात. "मैडम, मम्मी बोली आपका फोन आया था. कल नहीं आना है क्या?"
या पोट्टीपासून काही लपत नाही. बाकीच्या मॅडम डबे खाता खाता पाहून राहिल्या. मी बाहेर आली. तोंडात आलं होतं, हो बाई, नको येऊ, एक दिवस घरी बस, माझं भलं कर. खरंच आलं होतं तोंडात.
म्हटलं, "आना है. टाइम पे आना."
"मैं हाथ नहीं उठाऊँगी."
"मत उठाना."
थोडा वेळ बुटानं फरशी घासत राहिली. मग, "फिर हमको वो कोचिंगवाले सर पढ़ाएँगे?" सगळं माहीत आहे यांना. मी म्हटलं, ते मोठ्यांचं आहे, तू डबा खा जा. गेली. आईजवळ काय सांगते ते मले माहीत आहे, हे तिले बोलून नाही दाखवलं. बरं केलं.

शेवटचा तास ८-ब. नवीन चार्ट केला नाही, जुनाच टांगला, शुक्रवारच्या चौदावर कागद चिकटवून. म्हटलं, उद्या तुमच्यासमोर मोजेन अन् जे निघेल ते लिहीन. तेरा निघाले तर तेरा, व्हिडिओसमोर, अन् साहेबांनी विचारलं तर काहून ते तुम्ही सांगा. मग अर्णवले विचारलं, शुक्रवारी उठलेल्या सोळा जणांपाशी सांगायचे कान किती उरले? त्यानं बोटं न मोजता सांगितलं, उन्नीस. म्हटलं, मी कोणाले पाठवणार नाही. कट्टीचं तुमचं तुम्ही पाहा. पण नियम अजून चालू आहे, शेवटची पाच मिनिटं तुमची.
मी खुर्चीवर बसली अन् हजेरीचं रजिस्टर उघडून उगीच त्यात पाहत राहिली.

कोणी उठलं नाही. मानसीनं एकदा मान वळवली, मग पुन्हा पुढे. अर्णवनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मले इतका संताप येऊन राहिला होता की टेबलावर हात आपटावा वाटला, पण आपटला असता तर पुन्हा माझंच पाठवणं झालं असतं.
घंटा झाली. पोट्टे दारातून सांडले. भनपुरीची व्हॅन सगळ्यात आधी सुटते, म्हणून लोकेश्वरी रोज पहिली बाहेर असते. आज ती बाकावरच होती. एक वही आत टाकायची, पुन्हा बाहेर काढून नीट करायची, पुन्हा टाकायची. शुक्रवारी उठलेल्या सोळांतले तीन-चार जण अजून वर्गात होते. ती हळूहळू दप्तर भरत होती.